मागणीनंतरचा काळ

प्रार्थना करायला काही मिनिटे लागतात. तिचे उत्तर यायला कधी आठवडा लागतो, कधी पंचवीस वर्षे, आणि कधी ते माणसाच्या हयातीत येतच नाही. मागणी देवापुढे ठेवून झालेली असते, हाती काही आलेले नसते, आणि मुलांची फी, कारखान्याची पाळी, आजाऱ्याचे औषधपाणी हे सगळे पूर्वीसारखेच चालू असते. ख्रिस्ती श्रद्धेचा कस लागतो तो या मधल्या काळात. बायबल त्याला परमेश्वराची वाट पाहणे म्हणते, आणि या एका गोष्टीवर त्या ग्रंथाची पुष्कळ पाने खर्ची पडली आहेत.

अब्राहामाला संततीचे वचन मिळाले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने तंबू हलवले, गुरे राखली, पुतण्याशी झालेला चराईचा तंटा मिटवला, आणि एकदा त्याचा धीरही सुटला. सारेने आपली दासी हागार हिला नवऱ्याकडे पाठवले आणि देवाचे वचन दोघांनी मिळून स्वतःच पुरे करून घ्यायचे ठरवले. इश्माएल जन्मला. त्या घाईची किंमत पुढे हागारने मोजली. पोराला घेऊन तिला रानोमाळ व्हावे लागले. ही कथा वाचताना दोन गोष्टी सोडून देऊ नयेत. देवाने अब्राहामाला या उतावळेपणापायी टाकले नाही, आणि हागारलाही वाळवंटात तहानेने मरू दिले नाही. शौल राजाच्या बाबतीत हिशेब कडक झाला. शमुवेलाची सात दिवस वाट पाहायची होती. तो वेळेवर आला नाही, सैन्य पांगू लागले, म्हणून शौलाने होमार्पण स्वतःच उरकले, आणि त्याच्या घराण्याचे राज्य टिकणार नाही हे त्याला त्याच दिवशी ऐकावे लागले.

या सगळ्यांत हन्नाची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे ऐकत वर्षे काढलेली ही बाई शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटते, ही दारू प्यायली आहे. ती त्याला आपले दुःख सांगते, तो तिला शांतीने जा म्हणतो. मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एक साधी नोंद येते: ती निघाली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला दिसला नाही. त्या क्षणी तिला काहीही मिळालेले नव्हते. गर्भ राहिला नव्हता, सवत बदलली नव्हती, खूणही कोणती दिसली नव्हती. ओझे देवाच्या पायाशी ठेवून ती जेवायला बसली, एवढेच घडले होते. विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला याहून नेमका प्रसंग सापडणे कठीण आहे.

नव्या करारात उशीर खुद्द येशूच करतो. लाजर आजारी असल्याचा निरोप पोहोचतो तेव्हा तो लगेच निघत नाही, आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. योहानाने त्याच्या आधीच्या ओळीत मुद्दाम लिहून ठेवले आहे की मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती. प्रीती आणि उशीर ही दोन्ही एकाच ठिकाणी असू शकतात, हे योहानाला वाचकाच्या पचनी पाडायचे होते. तरी मार्था गप्प बसत नाही. तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे ती तोंडावर सांगते, आणि येशू तिला त्याबद्दल दटावत नाही.

याकोबाच्या पत्रात धीराचा धडा शेतकऱ्याकडून घ्यायला सांगितला आहे; तो पिकासाठी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. पॅलेस्टाईनमधला पहिला पाऊस ऑक्टोबरच्या सुमाराचा, शेवटचा मार्च-एप्रिलचा. पालघरकडे पावसाचे महिने वेगळे, पण ही ओळ इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इथला भातशेतकरी भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, शेताच्या एका तुकड्यावर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत अंथरतो, वर माती पसरतो आणि राब भाजतो. तणाचे बी जळते, राख जमिनीत मिसळते, माती भुसभुशीत होते. पाऊस लागला की त्या राबात भात पेरायचे, तीनेक आठवड्यांनी आवण उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखलात लावणी करायची. पाऊस आणणे त्याच्या हाती नाही. राब भाजणे आहे. जून कोरडा गेला तरी तो राब भाजला म्हणून पस्तावत नाही, आणि पाऊस माझा मीच पाडतो असेही म्हणत नाही. याकोबाने ज्या धीराविषयी लिहिले तो हा धीर: आपले काम करून ठेवलेला, आणि उरलेल्या कामावर हक्क न सांगणारा. नोकरीसाठी प्रार्थना करून अर्जच न भरणारा माणूस वाट पाहत नसतो; तो नुसता बसलेला असतो.

चर्चने या वाट पाहण्याला पंचांगातच जागा दिली. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी प्रभू स्वर्गात गेला, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, आणि मधले नऊ दिवस शिष्य यरुशलेम न सोडता, मारियेसह माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत राहिले. प्रेषितांच्या कृत्यांत तिथल्या माणसांची संख्या सुमारे १२० दिली आहे. नोव्हेनाच्या नऊ दिवसांचा, किंवा नऊ आठवड्यांचा, आधार या दिवसांत शोधला जातो. सगळ्यांत कठीण दिवस मात्र पवित्र शनिवारचा. शुक्रवारी क्रूस झाला, रविवारची कोणाला कल्पना नाही, आणि मध्ये हा एक दिवस. त्या दिवशी रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा होत नाही, वेदीवरचे कापड काढलेले असते. वर्षातून एकदा अख्ख्या धर्मग्रामाला काही न घडणाऱ्या दिवसात बसवून ठेवण्याची ही प्रथा फार शहाणपणाची आहे. माणसाच्या आयुष्यातले बरेच दिवस त्या शनिवारसारखे असतात.

पालघर, बोईसर आणि तारापूर या टापूत असे दिवस काढणारी ख्रिस्ती माणसे नाना ठिकाणांहून आलेली आहेत. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये चालू झाल्या, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसरचे स्टेशन पाळीच्या माणसांनी भरू लागले. वसईकडची कुटुंबे आली, केरळ-तमिळनाडूकडची आली, पूर्वेकडच्या तालुक्यांतले आदिवासी ख्रिस्ती कामाला आले. कॅथलिक धर्मग्रामे १९९८ पर्यंत मुंबई महाधर्मप्रांतात होती. त्या वर्षी वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. प्रोटेस्टंटांमध्ये डहाणू-पालघरकडच्या जुन्या ब्रदरन मिशनची मंडळी १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. त्यांच्याशिवाय घरोघरी भरणाऱ्या प्रार्थना सभाही आहेत. भाषा वेगळ्या, गाणी वेगळी. मागण्या मात्र बहुतेक सारख्याच. रात्रपाळी करून तसाच रविवारच्या उपासनेला आलेला ठेकेदाराकडचा कामगार, गळ्यातले ओळखपत्र खिशात सारून, कायम होण्यासाठी प्रार्थना करतो. ठेका वर्षाने संपतो, पुन्हा मिळतो, पुन्हा संपायला येतो. त्याची प्रार्थना ठेक्याच्या तारखांशी बांधलेली असते, आणि देव त्या तारखा पाळेलच असे कोणीही सांगितलेले नसते.

बुधवारी या टापूतून काही माणसे मुंबईतल्या माहीमच्या नोव्हेनाला जातात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ही बुधवारची भक्ती १९४८ मध्ये सुरू झाली आणि आजही ख्रिस्तेतर भाविकसुद्धा तिथे मोठ्या संख्येने येतात. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून हा प्रवास सोपा झाला. तिथे लोक मागणीची पत्रे टाकतात, आभाराचीही टाकतात, आणि त्यांतली काही वाचून दाखवली जातात. सप्टेंबरात मोत मावलीच्या जत्रेला वांद्र्याच्या टेकडीवर मेणाच्या वस्तू विकायला असतात: हात, पाय, हृदय, बाळ, परदेशी जायचे असेल तर विमान, आणि घर. साच्यातून काढलेले, दाराखिडक्यांच्या रेघा उठलेले छोटेसे मेणाचे घर. चढणीवर ते उन्हाने मऊ होते, बोटांचे ठसे त्यावर उमटतात. ते मावलीच्या पायाशी ठेवून माणूस परतीची गाडी धरतो आणि त्याच भाड्याच्या खोलीत येतो. मागणी आणि मिळणे यांतले अंतर इतके स्पष्ट दाखवणारी दुसरी वस्तू नसेल.

आभाराची पत्रे वाचणे चांगलेच. त्यांनी अनेकांना उभे केले आहे. पण ती ऐकणाऱ्यांत अशीही कोणी असते जिची दहा वर्षांची मागणी अजून तशीच आहे, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक साक्षीबरोबर तिला आपल्यातच काही उणे असल्यासारखे वाटते. तेव्हा ज्यांना अजून काही मिळाले नाही त्यांची पत्रेही तितक्याच मोठ्या आवाजात वाचली गेली पाहिजेत.

न मिळालेल्या मागणीची या जिल्ह्यातली सर्वांत मोठी कथा वसईच्या गोन्सालो गार्सियाची आहे. त्याचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. रस्त्यावरची, बाजारातली, घरातली जपानी भाषा त्याला उत्तम येऊ लागली. त्याच्या मनात एकच होते: जेझुइट संघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. इच्छा शुद्ध होती, सेवा चोख होती, मागणीत स्वार्थ नव्हता, तरीही दार उघडले नाही.

त्याने संघाचे काम सोडले आणि व्यापार सुरू केला. व्यापार चांगला चालला. चरित्रकार ही वर्षे भरभर उलटतात, पण थांबावे असे ठिकाण हेच आहे. लहानपणापासून देवाच्या कामासाठी वाढलेला माणूस ऐन तारुण्यात गाठोडी मोजत, भाव ठरवत, बंदरांतून हिंडत होता. हे सोपे गेले असेल असे कोणी म्हणू नये. पुढे तो मनिलाला गेला, फ्रान्सिस्कन संघाच्या सहवासात आला आणि १५८८ च्या सुमारास त्या संघात सामान्य बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांना वकील करून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवायचे ठरवले. बरोबर दुभाषा हवा होता, आणि तो गोन्सालो झाला. नकारात संपलेल्या त्या आठ वर्षांत शिकलेली भाषा आता त्याला परत जपानला घेऊन आली. क्योतोत या बंधूंनी मठ आणि रुग्णालये उभारली, महारोग्यांची सेवा केली.

१५९६ च्या डिसेंबरात हिदेयोशीच्या हुकमाने धरपकड झाली. कैद्यांचे डाव्या कानाचे टोक कापून, त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवत नेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जेझुइट, आणि बाकीचे साधे ख्रिस्ती, काही तर वयाने पोरेच. ज्या संघाच्या दारावर गोन्सालोने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या संघाची माणसे त्याच टेकडीवर त्याच सकाळी मरण पावली. १६२७ मध्ये तो धन्य ठरला. संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी, नवव्या पायस पोपच्या काळात. भारतात जन्मलेला तो पहिला संत. मृत्यूपासून संतपदापर्यंत २६५ वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात त्याच्या गावाने पोर्तुगीजांचा अंमल, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांचा विजय आणि त्यानंतर इंग्रजांचे राज्य पाहिले. राज्यकर्ते बदलत राहिले. वसईचे ख्रिस्ती आपल्या वाड्यांत आणि शेतांत राहिले, प्रार्थना म्हणत राहिले.

गोन्सालोला देवाने नकार दिला की होकार, असा प्रश्न विचारला तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. संत मोनिकाच्या बाबतीतही असेच झाले. आपला मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ती व्हावा म्हणून ती वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत होती. तो कार्थेजहून रोमला निघाला तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून तिने रात्रभर समुद्राकाठच्या चर्चमध्ये देवाची विनवणी केली. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजावर चढला. इटलीत त्याला मिलानचे बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवले की आईने जे नेहमी मागितले ते देण्यासाठी देवाने तिला त्या रात्रीचे मागणे दिले नाही. मात्र हे त्याने नंतर लिहिले. किनाऱ्यावर सकाळी रिकामे बंदर पाहणाऱ्या मोनिकाला ते ठाऊक नव्हते, आणि तिची श्रद्धा मोजायची असेल तर त्या सकाळपासून मोजली पाहिजे.

मराठी मुलखात देवावर भरवसा टाकून वाट पाहण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग पंडिता रमाबाईंनी केडगावात केला. त्यांनी जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे वाचली होती. अनाथांच्या पोषणासाठी माणसांपुढे हात न पसरता फक्त देवाकडे मागायचे, ही म्युलर यांची रीत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी आणल्या, आणि मुक्ती सदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा धान्य लागते. रमाबाईंचा भरवसा हा असा, कोठारातल्या पोत्यांशी रोज गाठ पडणारा होता. पण त्यांनी नुसती प्रार्थना केली नाही: विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी आध्यात्मिक जागृतीसाठी रोज एकत्र प्रार्थना करायला बायकांना बोलावले. जागृती आली ती जूनअखेरीस. सहा महिने रोज पहाटे तेच मागणे चालू होते.

या चरित्राचा शेवट मात्र पुस्तकात शोभेल असा नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा पुढे सारे सांभाळेल अशी आशा होती. ती १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करत होत्या. त्यांनी ते काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. हजारो मुलींसाठीचे मागणे मिळाले, एका मुलीचे आयुष्य मिळाले नाही. ज्यांना रमाबाईंचे उदाहरण उत्तर मिळालेल्या प्रार्थनेसाठी द्यायचे असते त्यांनी मनोरमेचे नावही त्याच दमात घ्यावे.

न मिळण्याची कारणे धर्मशास्त्राने शोधली आहेत. ऑगस्टीन म्हणतो, उशिराने इच्छा ताणली जाते आणि ताणलेल्या मनात अधिक मावते. तोमास अक्विनास म्हणतो, प्रार्थना देवाचे मन वळवण्यासाठी नसते. देवाने जे प्रार्थनेच्या द्वारे द्यायचे योजले ते मिळण्यासाठी असते. दोन्ही विचार खोल आहेत आणि शांत दिवसांत उपयोगी पडतात. दवाखान्याच्या बाकावर ते थोडेच पुरतात. तिथे अधिक जवळचा आधार गेथशेमानेचा आहे. खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून तीनदा विनवले आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितले. काटा राहिला, तो सोसायला कृपा मिळाली. मागणी पुरी न होणे हा अश्रद्धेचा पुरावा असता, तर हे दोन प्रसंग शुभवर्तमानांत आणि पत्रांत राहिलेच नसते.

म्हणूनच काही प्रार्थना सभांत सांगितली जाणारी एक गोष्ट स्पष्टपणे नाकारायला हवी: विश्वास पुरेसा असेल तर बरे व्हालच, आणि औषध घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता. गरीब वस्त्यांत या शिकवणुकीने मोठे नुकसान होते. मधुमेह्याची गोळी बंद होते, क्षयाचा औषधक्रम अर्धवट सुटतो, आणि आजार बळावला की दोष रोग्याच्या श्रद्धेवर येतो. ख्रिस्ती परंपरा अशी नाही. डहाणूला ब्रदरन मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दवाखाना चालवला तो प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. ज्या हातांनी जखम धुवायची तेच हात जोडायचे, इतकी ती साधी गोष्ट होती. देवाशी सौदा करणे हेही याच जातीचे. इतके बुधवार केले, इतक्या मेणबत्त्या लावल्या, आता दे, असा हिशेब मांडला की माणूस प्रत्येक उशिरात फसवणूक पाहू लागतो. नवस बोलणे वाईट नाही. तो कृतज्ञतेचा असावा, वसुलीचा नसावा.

वाट पाहण्याचे दिवस कसे काढावेत याविषयी जुन्यांनी थोडे पण कामाचे सांगून ठेवले आहे. येशूच्या दृष्टांतातली विधवा न्यायाधीशाच्या दारी तेच मागणे घेऊन पुन्हा पुन्हा जाते. तेव्हा तेच मागणे रोज मागण्यात संकोच बाळगू नये, नवे शब्दही शोधू नयेत. लोयोलाचा इग्नाशियस सांगतो की मन कोरडे पडलेल्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. अंधारात रस्ता बदलणारा बहुधा चुकतो. तक्रार करायची असेल तर ती देवाकडेच करावी. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला, किती काळ, असा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलाशाची ओळ नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे आणि धर्मगुरू, धर्मभगिनी ते दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतात. आणि ज्याला प्रार्थनाच सुचत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यांनी करावी. मार्काच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, छप्पर उघडतात, आणि येशू त्या चौघांचा विश्वास पाहून त्याच्याशी बोलतो. पक्षाघाती स्वतः काही मागतो असे तिथे लिहिलेले नाही.

यात शेजाऱ्यांचे, नातलगांचे, धर्मग्रामाचे काम येते, आणि ते बहुतेक वेळा बिघडते ते बोलण्याने. ईयोबाचे तिघे मित्र त्याचे हाल ऐकून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही. तोवर सारे ठीक होते. मग ते बोलू लागले: तुझ्याच हातून काही पाप घडले असेल, नीट शोध, नीट प्रार्थना कर, म्हणजे सुटशील. ज्या घरात वाट पाहणे चालू आहे तिथे आजही हीच वाक्ये थोड्याफार फरकाने बोलली जातात. तिथे जाणाऱ्याने डबा न्यावा, रात्री दवाखान्यात थांबायची पाळी वाटून घ्यावी, कामाच्या ठिकाणी ओळख असेल तर शब्द टाकावा, आणि विश्वास कमी पडला हे वाक्य तोंडातून काढू नये. ईयोबाच्या पुस्तकात अखेरीस देवाचा राग पेटतो तो त्या तीन मित्रांवर. ज्याने जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला, तो ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देव म्हणतो, आणि मित्रांना क्षमा मिळते ती ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावर.